नुसती ठेवली

आज दसऱ्याच्या मुहूर्तावर मिक्सर घेतला. ४,२०० रुपयांच्या यंत्रावर ७५६ रुपये जीएसटी भरून घरी येत असताना, पुण्यात कोथरूडला वनाजजवळच्या आमच्या जुन्या गल्लीतील प्लॉटच्या फाटकाला झेंडूचे तोरण बांधणारे काका भेटले. दरवर्षी ते याच दिवशी येतात, ‘ही जागा विकणे नाही’ या पाटीला हळदकुंकू वाहतात आणि जाताना पेढा देतात. लहानपणी आमचा चेंडू त्या भिंतीपलीकडे गेला की तो दिवस संपत असे. आज मी सहज भाव विचारला. त्यांनी सांगितलेला आकडा मी आणि माझी पत्नी निवृत्तीपर्यंत मिळूनही कमावणार नाही. वर ते हसून म्हणाले, “मी काही केलं नाही हो, नुसती ठेवली.”

त्या वाक्याने माझे डोके फिरले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

काकांनी काही केले नाही, हे अक्षरशः खरे आहे. केले ते इतरांनी. रस्ता, पाणी, शाळा आली आणि ६ मार्च २०२२ रोजी वनाजहून मेट्रो धावू लागली, ती माझ्या पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या आणि मिक्सरपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक बिलात चिकटलेल्या करांतून. पुण्यात फ्लॅट घेणारा मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो अधिभारही भरतो. ज्याच्या जमिनीचा भाव मेट्रोने वाढवला, तो मात्र नुसता बसून राहिला तर त्याला हा अधिभार लागत नाही. श्रमाला दंड आणि बसून राहण्याला बक्षीस, असा हा न्याय आहे.

विकताना त्यांना भांडवली नफ्यावर कर भरावा लागेल आणि पालिकेचा थोडाफार कर ते आजही भरत असतील, हे मान्य. पण त्याच जागेवर इमारत बांधली तर पालिकेचा कर वाढतो, म्हणजे बांधणाराच पुन्हा गुन्हेगार. इस्टोनियात १९९३ पासून जमिनीवर कर आहे, वरच्या बांधकामावर नाही. आपल्याकडे शहरात मर्यादेपेक्षा जास्त रिकामी जमीन बाळगू न देणारा कमाल नागरी जमीनधारणा कायदा १९७६ मध्ये आला आणि महाराष्ट्रात २००७ मध्ये गेला. जमीन काढून घेण्याच्या त्या खटाटोपापेक्षा शहरातील जमिनीच्या किमतीवर दरवर्षी कर लावावा आणि तेवढा पगारावरचा व खरेदीवरचा कमी करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. पैसा दुबईला नेता येतो, कोथरूडचा प्लॉट नेता येत नाही.

जुन्या वाड्यात एकट्या राहणाऱ्या, उत्पन्न नसलेल्या आजींचे काय, असे कोणी विचारील. त्यांचा कर थकीत ठेवून वाडा विकला जाईल तेव्हा वसूल करावा. शेतसाऱ्याची धास्ती मलाही कळते. मी शेतजमिनीविषयी बोलतच नाही.

काका वाईट नाहीत, हे लिहिताना पुन्हा पुन्हा जाणवते. त्यांनी कोणाला लुबाडलेले नाही. नियम असे असतील तर मीही नुसती ठेवलीच असती. पण माझी मुलगी, जी याच गल्लीत वाढली, आज शहराबाहेर भूगावला भाड्याने राहते आणि रोज दोन तास रस्त्यावर घालवते, आणि तिच्या बालपणीचा हा प्लॉट अजूनही रिकामाच आहे.

निघताना काकांनी पेढा हातावर ठेवला आणि चांदणी चौकाकडच्या मेट्रोचे काम कधी सुरू होणार, असे विचारले. तिकडेही त्यांची थोडी जागा आहे.