देवा, ती चोर निघू दे

साताऱ्यात असताना मी मोडी लिपीचा वर्ग केला होता, हे सिडनीत सासूबाईंना सांगितलं ही माझी चूक. (त्यांना मी नावाने हाक मारते. हे आईला माहीत नाही, तेव्हा इथे सासूबाईच.) "म्हणजे तुला जुनं गिचमिड अक्षर लागतं!" असं म्हणून त्यांनी आपला खापरपणजोबा माझ्या गळ्यात बांधला.

हा गृहस्थ ब्रिटिश फौजेतला साधा शिपाई. त्याची सतरावी पलटण १८३० च्या सुमारास सिडनीला आली आणि १८३६ साली मुंबईला रवाना झाली. हा मात्र नोकरी सोडून इथेच राहिला. नाहीतर सासर मला जरा जवळ मिळालं असतं.

लंडनच्या दफ्तरातली पलटणींच्या पगाराची मस्टरं इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर फुकट बघायला ठेवली आहेत. पण नाव टाकलं की माणूस हजर, असं नाही. पानं उलटत बसायचं. मोडी परवडली, निदान ती वाचता येत नाही हे सगळ्यांना मान्य असतं. चौथ्या रविवारी खापरपणजोबा सापडला. रोजचा एक शिलिंग पगार. कधी पहाऱ्यावर, कधी इस्पितळात, एकदा तर कोठडीत. सरकारी पैशाचा मामला, त्यामुळे गड्याचा दिवस न् दिवस लिहिलेला.

"छान," सासूबाई म्हणाल्या. "आता त्याची बायको."

बायको! परदेशी निघालेल्या पलटणीबरोबर मोजक्याच बायका नेता येत. कुणाची वर्णी लागणार ते चिठ्ठ्या टाकून ठरे, भिशीसारखं. जिची चिठ्ठी निघे तिला सरकारकडून अर्धा शिधा. म्हणजे तिच्या पोटाचा हिशोब होता, पण मस्टरवर नाव नवऱ्याचं. आमच्या हाती आलं ते मुलीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतलं 'आई: मेरी'. बस्स. त्या काळच्या बराकीत 'मेरी' म्हणून हाक मारली असती तर निम्म्या बायका वळल्या असत्या. न्यू साउथ वेल्समध्ये लग्नांची सरकारी नोंद सुरू झाली १८५६ साली. त्याआधी सगळी भिस्त पाद्र्यांवर. आणि पाद्री कसले? रेव्हरंड सॅम्युअल मार्सडेन यांनी १८०६ साली वसाहतीतल्या १,४३० बायकांची यादी केली, त्यात विवाहित ३९५ आणि बाकी १,०३५ चक्क रखेल्या! त्यांच्या पंथाबाहेर लागलेलं लग्न ते लग्नच धरत नसत. बरं झालं, आमची मेरी त्यांच्या तावडीत सापडली नाही.

मग एका रविवारी सासूबाईंना साक्षात्कार झाला. "ती कैदी असली तर?"

इंग्लंड-आयर्लंडहून शिक्षा होऊन आलेल्या बायकांची नोंद म्हणजे काय वर्णावं! जहाज, वय, धर्म, गाव, लिहिता-वाचता येतं का, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण आणि गुन्हा. लग्नाला सरकारी परवानगी लागे, तिचेही कागद. पातेलं चोरलेल्या बाईच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा सापडेल. सरळमार्गी बाई नवऱ्याच्या पाठीमागे जहाजातून उतरली आणि गडप झाली. शिवाय इथे घराण्यात एखादा कैदी निघणं म्हणजे आपल्याकडे पूर्वज पानिपतावर असण्यासारखं.

तेव्हापासून सासूबाईंनी मेरीच्या शीलाविरुद्ध मोहीम उघडली आहे. "निदान एखादा रुमाल तरी उचलला असेल," असं त्या आशेने म्हणतात. मलाही पान उलटताना तोंडातून निघून जातं, देवा, चोर निघू दे.

परवा आईचा फोन आला. मी काय करतेय ते तिला सांगितलं. आईने पहिला प्रश्न नेमका तोच विचारला.

"माहेरची कोण गं ती?"

"कळत नाहीये. बहुतेक चोर असावी."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई हळूच म्हणाली, "जावईबापूंना माहितीये का?"