ताळा

माहेरी पत्र्याच्या ट्रंकेत एक मोडी कागद होता. आजी म्हणायची, "जमिनीचा आहे, फाडू नका." त्यापलीकडे कुणालाच काही माहीत नव्हतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, मोडी वाचणाऱ्यांना गावोगाव मागणी आली, तेव्हा भावाने तो एका जाणकाराला दाखवला. त्यांनी पैसे घेतले, दोन मिनिटं कागदावर नजर फिरवली आणि सांगितलं, "जमिनीचंच आहे काहीतरी." त्या दिवशी ठरवलं, आता आपणच शिकायचं.

पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग भरतात. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं. मला नोकरी आणि सासूबाईंचं आजारपण यातून जमण्यासारखं नव्हतं. मग रात्री जेवणं आवरल्यावर पाऊण तास, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

पहिले चार महिने अक्षरशः वाया गेले, आणि आज लिहितेय ते त्यासाठीच. त्या चार महिन्यांत मी व्हिडिओ बघितले, मुळाक्षरांचे तक्ते उतरवले, पीडीएफ गोळा केल्या. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे फॉन्टही मिळाला. त्यातला मजकूर मी घडाघडा वाचायला लागले आणि वाटलं, आली मोडी! मग ट्रंकेतला कागद उघडला, तर एक ओळ लागेना. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात. शब्द कुठे संपला ते कळत नाही. विरामचिन्हं नाहीत. वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घ आपलं आपण समजून घ्यायचं. काना लागला की अक्षराची ओळख बदलते. आणि प्रत्येक लिहिणाऱ्याच्या हाताचं वळण निराळं. फॉन्टला हात नसतो.

मला कळत होतं, पण येत नव्हतं. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, कारण वाचून दाखवणारा वाचत असतो. आपण फक्त मान हलवतो.

गाडी रुळावर आली ती एका साध्या गोष्टीने. मूळ मोडी पत्राचं छायाचित्र आणि समोरच्या पानावर त्याचं बाळबोध, म्हणजे देवनागरी लिप्यंतर, अशी पुस्तकं मिळतात. मी लिप्यंतरावर पोस्टकार्ड ठेवायची, एक ओळ स्वतः वाचून वहीत उतरवायची, मग कार्ड एक ओळ खाली सरकवायची. चुकलेल्या अक्षराला लाल गोल. पहिल्या आठवड्यात वही लालभडक झाली होती. पण महिनाभरात दिसायला लागलं की गोल त्याच त्याच सात-आठ अक्षरांभोवती पडतायत. मग तेवढीच गिरवली. रोज एक पान, बाकी काही नाही.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. आमच्याकडे ताळा जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. शिकण्यालाही ताळा लागतो, हे मला इतक्या उशिरा कळलं याचं आज वाईट वाटतं. गुरू नसला तरी शिकता येतं, यावर माझा आता पक्का विश्वास आहे. पण 'तू इथे चुकलीस' असं सांगणारं काहीतरी समोर हवंच. शाळेत ते काम बाईंच्या लाल पेनाने केलं, म्हणून आपल्याला ते स्वतः करायची सवयच लागली नाही. मोठेपणी एकटं शिकायला बसलो की आपण साधनं जमवतो, वेळापत्रक आखतो, आणि चूक कशी सापडणार याचा विचारच करत नाही. चुकीचं वाचन तसंच पुढे गेलं की तेच आपल्याला खरं वाटायला लागतं.

ट्रंकेतला कागद निघाला कर्जरोखा. 'सन १२९७ फसली'. फसली ही जुनी महसुली सालगणना; म्हणजे ५९० मिळवून इसवी १८८७-८८. शंभर रुपये मुद्दल, व्याज दरमहा दर शेकडा १॥. मी वहीत लिहिलं, एक रुपया. ते दोन दंड मला वाक्याच्या शेवटची खूण वाटले. मागच्या बाजूला सावकाराची नोंद होती: बारा महिन्यांचं व्याज १८, एकूण ११८ भरून पावलो. माझ्या हिशेबाने व्याज १२ यायला हवं. दोन रात्री मी '१८'च चुकीचं वाचलं असणार असं धरून बसले होते. तिसऱ्या रात्री वहीचं पहिलं पान उलटलं, तिथे माझ्याच अक्षरात होतं, 'मोडीत विरामचिन्हं नसतात.' मग ते दंड कशाचे? ते अर्ध्याचे. १॥ म्हणजे दीड. दीड गुणिले बारा, अठरा. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी टेबलापाशी एकटीच हसत होते. एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या सावकाराच्या बेरजेने माझी चूक दाखवून दिली होती.

एकट्याने शिकणं म्हणजे कुणालाच विचारायचं नाही, असं मात्र नाही. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, हे मला एका निवृत्त तलाठीकाकांनी सांगितलं, नाहीतर मी 'शिवाय' या अर्थानेच वाचत राहिले असते. पण त्यांच्याकडे गेले तेव्हा "कागद वाचून द्या" म्हणाले नाही. "या ओळीत हा शब्द इथे बसत नाही, का?" एवढंच विचारलं. काका खूश होऊन तासभर बोलले.

भावाला मी परवा फोनवर सगळा रोखा वाचून दाखवला. जमीन गहाण होती, कर्ज फिटलं, म्हणून कागद परत आला. आजीचं म्हणणं खरंच होतं. तळाशी पणजोबांच्या नावाशेजारी नांगराची निशाणी आहे. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा. आणि त्याखाली एक छोटं वर्तुळ. ती बांगडी, बाईची निशाणी. बांगडीशेजारी नाव आहे. आमच्या घरात पणजीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ताई, परत वाच."

नावातली पहिली दोन अक्षरं पक्की लागली आहेत. तिसऱ्यावर पाण्याचा डाग आहे. अंदाज करता येईल, पण वहीत मी तिथे प्रश्नचिन्ह ठेवलंय. तिच्या माहेरचा एखादा कागद कुठे मिळतो का, ते बघतेय.