कमानीवरचे लाइट नकोत, केबलचा रिपोर्ट लावा

ठाण्यात कळवा खाडीवरचा तिसरा पूल १३ नोव्हेंबर २०२२ ला सुरू झाला आणि मला तो मनापासून आवडतो, आधीच सांगते. जुना ब्रिटिशकालीन पूल वाहनांना बंद झाल्यावर सगळा लोड एकाच पुलावर आला होता, कोर्टनाक्यापासून कळवा नाक्यापर्यंत जे हाल व्हायचे ते आठवले की आत्ताही डोकं दुखतं. त्यात ती पोलादी कमान! फोटो काढणाऱ्यांना मी अजिबात नावं ठेवत नाही.

पण पूल चांगला दिसतो म्हणजे चांगला राहील असं नाही ना. कमान नेहमी पाय बाहेर फाकवायला बघते. डोंगरात ते ढकलणं खडक सोसतो, खाडीच्या चिखलात कोण सोसणार? म्हणून अशा ठिकाणी साधारणपणे कमानीची दोन्ही टोकं रस्त्याच्या लेव्हलला एकमेकांना बांधून टाकतात, धनुष्याला दोरी असते तसं, आणि रस्ता वरून उभ्या केबलनी टांगतात. इंजिनिअर लोक त्यांना हँगर म्हणतात. सगळा जीव त्या हँगरमध्ये.

तैवानमध्ये नानफांगआओ नावाचं मासेमारी बंदर आहे, तिथे १९९८ चा असाच पोलादी कमानीचा पूल होता. १ ऑक्टोबर २०१९ ला सकाळी एक टँकर जवळजवळ पलीकडे पोचलाच होता आणि पूल खाली आला, सीसीटीव्हीत सगळं दिसतं. खाली बोटी उभ्या होत्या, ६ जण गेले, परदेशातून पोटासाठी आलेले खलाशी. तपासात निघालं की केबल गंजल्या होत्या, बाहेरून पाइपात झाकलेल्या, आत पाणी शिरत होतं आणि खालच्या टोकाला, जिथे केबल पुलात घुसते, तिथे गंज खात होता. पूल जेमतेम २१ वर्षांचा! आणि आपल्याकडे खारी हवा, चार महिने पाऊस, वर धूळ धूर वेगळाच.

आपल्याकडे काय होतं तर २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीचा पूल वाहून गेला, दोन एसटी गेल्या, मग सगळीकडे ऑडिट ऑडिट. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, परत ऑडिट. माणसं गेल्यावरच का?

माझं म्हणणं एवढंच की सणावाराला कमानीवर जे रंगीत लाइट लावायची हौस आहे तो पैसा आधी हँगरच्या खालच्या टोकांना द्या. तिथली पाणी निघून जायची भोकं पावसाळ्याआधी साफ करा, रंग उडाला की लगेच लावा, आणि दरवर्षी कुठली केबल कोणी कधी तपासली, काय सापडलं, हे मराठीत लिहून पुलाच्या दोन्ही टोकांना बोर्डावर लावा. लिफ्टमध्ये सुद्धा तपासणीची तारीख लावतात की, मग ज्याच्यावरून रोज एवढी माणसं जातात त्याला का नको?

मी याच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतलाय. ठाणे, कळवा, खारेगाव, विटावा इथलं कोणी पुलांच्या कामात असेल तर नेमके काय प्रश्न विचारायचे ते कमेंटमध्ये सांगा, आणि ज्यांना सही करायची आहे त्यांनी इनबॉक्सला या.