चादरीमागची जोड

परवा भाचीचा व्हिडिओ एका उन्हाळी शिबिराच्या स्पर्धेतून बाद झाला. कारण काय, तर "एडिट केलाय, खरं नाही." अकरा वर्षांची पोर बारा दिवस खपली होती. त्या दिवशी ती जेवली नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुम्ही असे व्हिडिओ पाहिले असतील. एक गोटी घरंगळते, ती पत्त्यांना धक्का देते, पत्ते पडतात, शेवटचा पत्ता दोरी सोडतो, दोरीला बांधलेला पेला कलतो, आणि असं करत करत शेवटी दिवा लागतो नाहीतर घंटा वाजते. खाली कमेंटमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: "फेक आहे, कॉम्प्युटरवर केलंय."

भाचीनं हेच आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये मांडलं. हॉलपासून बेडरूमपर्यंत तीस टप्पे. कॅरमच्या सोंगट्या, बांगड्या, वह्यांचे पुठ्ठे, आबांच्या जुन्या सुताच्या कांड्या, शेंगा चटणीचे रिकामे डबे. मे महिना, बाहेर ४२ अंश, आणि पंखा बंद, कारण पंख्याच्या वाऱ्यानं पत्ते आधीच पडायचे. मी स्वतः गुडघ्यावर बसून बघितलंय: सातव्या टप्प्यावर सोंगटी पट्टीच्या टोकाशी येऊन थांबायची. नुसती थांबायची. पट्टीवर पावडर टाकली तर इतकी जोरात जायची की पुढची बांगडी चुकवून सोफ्याखाली. शेवटी तिनं पावडर फडक्यानं अर्धी पुसली, तेव्हा जमलं. हॉलचा भाग नऊ वेळा पूर्ण झाला, बेडरूमचा तीन वेळा. दोन्ही सलग एकदाही नाही. एकदा मोडलं की परत मांडायला चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ द्यायचा होता. मग दारात टांगलेल्या चादरीखालून गोटी जाते, तिथं तिनं दोन टेक (दोन वेळा केलेली वेगळी चित्रणं) जोडले.

आता माझं म्हणणं ऐका. ही जोड आहे, खोटेपणा नाही.

२०१० साली ओके गो या अमेरिकन बँडनं 'धिस टू शॅल पास' या गाण्यासाठी लॉस एंजेलिसच्या एका दुमजली गोदामात असंच अवाढव्य यंत्र उभारलं. दोन दिवसांत साठच्या आसपास टेक झाले. बघताना एका दमात घेतल्यासारखं वाटतं, पण मध्ये कॅमेरा पडद्यातून जातो तिथं जोड आहे. पडदा! आमच्या पोरीला हे माहीत नव्हतं, तिला ते चादरीवरून आपसूक सुचलं. त्या यंत्रातल्या वस्तू खऱ्याच पडल्या, खऱ्याच फुटल्या. कुणी त्याला बनावट म्हणून बाद केलं नाही.

त्याआधी २००३ ची होंडा अकॉर्डची दोन मिनिटांची जाहिरात. गाडीचेच सुटे भाग एकमेकांना ढकलत जातात. ६०६ टेक लागले असा आकडा सांगतात. तीही दोन तुकड्यांत चित्रित केलेली आणि मध्ये कॉम्प्युटरनं सांधलेली. पण लोकांचा संशय त्या सांध्यावर नव्हताच, तो होता टायरांवर. त्यात टायर उतारावरून वर चढतात. "हे शक्यच नाही," असं म्हणणारे मला आजही भेटतात. शक्य आहे. टायरच्या आत एका बाजूला वजन बसवलेलं होतं.

पटत नसेल तर घरी करून बघा. गोल डब्याच्या आत एका बाजूला जड नटबोल्ट चिकटपट्टीनं घट्ट बसवा. पोळपाटाखाली एका बाजूला पातळ वही सारून अगदी हलका चढ करा. डबा आडवा ठेवून वजन वरच्या बाजूला, चढाच्या दिशेला किंचित कललेलं धरा आणि सोडा. डबा चढ चढतो आणि वजन खाली आलं की थांबतो. डबा वर गेला, पण त्यातलं वजन खालीच आलं. भाचीच्या यंत्रात हा टप्पा होता, शेंगा चटणीच्याच डब्याचा. परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं: "डबा वर कसा जाईल?" एकदा हातात घेऊन बघितलं असतं तर कळलं असतं.

आमचे आबा अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे कारागीर, होते. चादरीवरचा मोर, कोयरी जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, उतरते ती अशाच साखळीनं. नक्षीप्रमाणे भोकं पाडलेलं कार्ड असतं, त्याला भोक असेल तिथं सुई आत जाते, सुईमुळं हूक वर उचलला जातो, हुकाबरोबर ताण्याची (उभ्या सुताची) तार उठते, खालून आडवं सूत नेणारा धोटा निघून जातो. एक भोक चुकलं तर कोयरीत दर वेळी तोच डाग. आबांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "बाई, तार कुठं कुठं तुटत हुती?" तिनं सगळ्या जागा सांगितल्या, सातवी, बारावी, एकोणिसावी. आबांना तेवढ्यात कळलं की हे तिनं केलंय. ज्यानं केलंय त्यालाच मोडायच्या जागा पाठ असतात. परीक्षकांनी हा प्रश्न विचारायला हवा होता.

थोडा हिशोब सांगतो. एक टप्पा शंभरात ९५ वेळा बरोबर चालतो असं धरा. असे तीस टप्पे सलग चालायची शक्यता शंभरात साधारण २१. साठ टप्पे असतील तर शंभरात ५ सुद्धा नाही. त्यातून मांडायला चाळीस मिनिटं. जोड कशामुळं येते ते यातच आहे.

स्विस कलाकार पीटर फिश्ली आणि डेव्हिड वाइस यांची १९८७ ची 'डेर लाउफ डेर डिंगे' ही अर्ध्या तासाची फिल्म या सगळ्यांची आजी म्हणावी लागेल. टायर, शिड्या, फेस, आग. त्यातही जोड आहेत. ज्या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या नावानं ही यंत्रं ओळखली जातात तो रूब गोल्डबर्ग तर शिकलेला इंजिनिअर होता, पण त्याची प्रसिद्ध यंत्रं कागदावरची. कागदावर सोंगटी कधी अडकत नाही.

मग खोटं काय? जे घडलंच नाही ते घडल्यासारखं दाखवणं. दोरा लावून ओढायचं आणि दोरा पुसायचा, उलटा चालवलेला व्हिडिओ सुलटा म्हणून खपवायचा, न घडलेला टप्पा कॉम्प्युटरवर काढायचा. हल्ली तर अख्खे व्हिडिओ एआयनं तयार होतात, त्यात पाच गोट्या निघतात आणि सात पोचतात. त्याचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्यामुळंच खरं करणाऱ्या पोरांवर संशय घेतला जातो.

एक चूक मात्र भाचीची होती आणि ती मी तिला सांगितली. जोड आहे हे तिनं आधीच लिहायला हवं होतं. तिला ते पटलं. आता व्हिडिओच्या सुरुवातीला तिच्या अक्षरात पाटी आहे: "दोन टेक. जोड चादरीमागे." आणि शेवटी न जमलेले सगळे टेक लावलेत, सोफ्याखाली गेलेल्या सोंगटीसकट.

रविवारी सकाळी परत मांडतोय. हॉल आणि बेडरूम सलग चालवायचा तिचा हट्ट आहे. ओळखीचे जे कोणी शंका घेतात त्यांनी जरूर या. पंखा बंद असेल, पण दारातली चादर काढून ठेवतो.