लोखंडाच्या चुऱ्याने विहिरीतले क्लोरीनयुक्त प्रदूषण जात नाही

रासायनिक कारखान्यांच्या शेजारी असलेल्या कोकणातील गावांत एक संदेश फिरतो आहे: विहिरीत लोखंडाचा चुरा आणि जांभ्याचे तुकडे टाका, लोखंड उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रिया घडवणारा पदार्थ) असल्यामुळे ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरीनयुक्त द्रावके, म्हणजे इतर पदार्थ विरघळवण्यासाठी वापरली जाणारी रसायने, नष्ट होतात आणि पाणी पुन्हा पिण्याजोगे होते. या दाव्यामागे खऱ्या विज्ञानाचा एक तुकडा आहे आणि तोच घातक ठरतो आहे.

कॅनडातील बोर्डन येथे १९९१ मध्ये भूजलाच्या वाटेत लोखंडी कणांची भिंत पुरून अशी द्रावके मोडता येतात हे दाखवले गेले, हे खरे आहे. मात्र तिथे लोखंड उत्प्रेरक नव्हते. ते आपले इलेक्ट्रॉन देऊन रेणूतील क्लोरीन सुटा करते आणि स्वतः गंजत संपते. या कामातला खरा उत्प्रेरक म्हणजे पॅलेडियम हा धातू, पण त्याला हायड्रोजन पुरवावा लागतो आणि पाण्यातील सल्फाइडने तो निकामी होतो. खाडीकाठच्या काळ्या चिखलाला कुजक्या अंड्यांसारखा जो वास येतो, तो याच सल्फाइडचा.

जांभ्याचा तर इथे प्रश्नच येत नाही. त्याचा तांबडा रंग ज्या लोह-ऑक्साइडांमुळे येतो, त्यांतील लोखंड आधीच गंजलेले असते. देण्यासाठी त्याच्याकडे इलेक्ट्रॉन उरलेले नसतात.

पुरलेल्या भिंतीतून ऑक्सिजन जवळजवळ नसलेले पाणी दाट कणांमधून सावकाश झिरपते. उघड्या विहिरीत चुरा तळाशी बसतो, वरचे पाणी त्याला न शिवता रोज उपसले जाते आणि हवेतून विरघळलेला ऑक्सिजन लोखंड आधी खातो. शिवाय औषधनिर्मितीत सर्रास वापरले जाणारे डायक्लोरोमिथेन आणि क्लोरोबेंझीन ही द्रव्ये साध्या लोखंडाला जवळपास दाद देत नाहीत.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप ‘नष्ट होतात’ या शब्दांवर आहे. ट्रायक्लोरोएथिलीनचे तीनही क्लोरीन निघाले तर निरुपद्रवी इथिलीन उरते; अभिक्रिया अर्धवट राहिली तर व्हिनाइल क्लोराइड साचू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन लिटरमागे ८ मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, व्हिनाइल क्लोराइड मात्र फक्त ०.३ मायक्रोग्रॅम. दोन्ही द्रव्ये माणसात कर्करोग घडवणारी म्हणून सिद्ध झालेली आहेत. म्हणजे मूळ प्रदूषक कमी झाल्याचा अहवाल हाती असूनही पाणी पूर्वीपेक्षा धोकादायक झालेले असू शकते, आणि ते चवीवरून किंवा रंगावरून कळत नाही.

ज्यांच्या विहिरीबद्दल शंका आहे, त्यांनी ते पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरणे थांबवून गॅस क्रोमॅटोग्राफीची (उडून जाणारी द्रव्ये वेगवेगळी करून मोजण्याच्या पद्धतीची) सोय असलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नमुना काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ, हवेचा बुडबुडाही न राहील असा भरावा, कारण ही द्रव्ये चटकन उडून जातात आणि अर्ध्या भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून खोटा दिलासा देणारा आकडा येतो. विहिरीत आधीच लोखंड टाकले असेल, तर तपासणीच्या यादीत व्हिनाइल क्लोराइडचे नाव लेखी घालून घ्यावे.