रुमाल, खुर्ची आणि २३ इंच बर्फ

"अमेरिकेत वाढलात म्हणजे काय हो, मजाच! दारातच बर्फ!" असं पुण्या-नाशिककडचे नातेवाईक म्हणतात. दारातच बर्फ, हे अगदी खरं आहे. इतकं दारात, की दार उघडत नाही. शिकागोतल्या जुन्या घरांना बाहेरच्या अंगाला एक जास्तीचं काचेचं दार असतं आणि ते बाहेर उघडतं. रात्रीतून वाऱ्यानं त्याला टेकून दीड फूट बर्फ साठला की सकाळी सगळं घरदार आतून ते दार ढकलत उभं असतं, आणि फावडं बाहेर असतं. फावडं रात्री आत घेऊन ठेवणं ही शिकागोत शहाणपणाची पहिली पायरी आहे.

शिकागोत लहानाची मोठी झालेली आम्ही माणसं पन्नाशीला आलो की बर्फाबद्दल फार हळवं बोलायला लागतो. घसरगाडी, स्नोमॅन, गरम कोको वगैरे. माझा आक्षेप एवढाच, की आम्ही खेळाबद्दल बोलतो आणि खेळायला बाहेर पडण्याबद्दल सोयीस्कर गप्प बसतो. हिशोब मांडला तर आमच्या बालपणातला हिवाळा मुख्यतः कपडे चढवण्यात आणि उतरवण्यात गेला. बर्फ मध्ये थोडा वेळ यायचा.

कपडे चढवण्याचा क्रम ठरलेला असतो आणि तो चुकवून चालत नाही. आधी बाथरूमला जाऊन यायचं. हा पहिला नियम, आणि सगळ्यांत आधी मोडतो तोही हाच. मग अंगाला चिकटून बसणारी थर्मलची विजार आणि बनियन. पायात दोन मोजे, आतला पातळ आणि वरचा लोकरीचा. सुती मोजा घातला की संपलं, कारण सूत घाम पितं आणि धरून बसतं, आणि वीस मिनिटांत बोटं बधिर होतात. त्यावर नेहमीची पँट, आणि पँटवर छातीपर्यंत येणारी, खांद्याला पट्टे असलेली स्नोपँट. ती घालून चालताना दोन्ही मांड्या एकमेकींना घासून असा आवाज करतात की लपाछपी हा खेळ आपोआप बाद होतो.

आता बूट. बूट कोटाच्या आधी, कारण कोट चढल्यावर मूल वाकू शकत नाही. बुटाच्याही आधी पायाला पावाची रिकामी पिशवी. हसू नका, सत्तर-ऐंशीच्या दशकात हे शहरभर चालायचं. पिशवीमुळे पाय बुटात सर्रकन जातो आणि बूट गळका असला तरी मोजा कोरडा राहतो. तोटा एवढाच, की आतला घामही बाहेर पडत नाही, त्यामुळे तासाभरात मोजा ओला होतोच, फक्त आतून. अमेरिकन आयांना या पिशव्या मुद्दाम साठवायला लागायच्या. मराठी आईकडे त्या आधीच तयार असायच्या. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणाऱ्या परंपरेला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग स्वेटर, कोट, मफलर आणि डोक्याला कानटोपी. भारतातून येणाऱ्या सामानात लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून येणारी माकडटोपी ही शिकागोच्या थंडीला तंतोतंत बसणारी वस्तू आहे. तीच टोपी अमेरिकन दुकानात 'बॅलाक्लाव्हा' नावानं मिळते, तेव्हा ती घालणाऱ्याला कुणी हसत नाही. तोंडावरून घेतलेल्या मफलरचं मात्र वेगळंच असतं. श्वासातली वाफ लोकरीत मुरते, गोठते, आणि पंधरा मिनिटांत ओठांसमोर खरबरीत बर्फाची पापडी तयार होते. तिला लोकरीची, लाळेची आणि नाश्त्याला जे खाल्लं असेल त्याची एकत्र चव असते. ती चव आजही जिभेवर आहे.

शेवटी मिटन्स. बोटांचे वेगळे हातमोजे लहान मुलांना देऊ नयेत. चार बोटं एकाच पिशवीत असली की एकमेकांना ऊब देतात. अडचण अशी, की एका हातात मिटन गेल्यावर त्या हातानं दुसरं मिटन चढवता येत नाही, झिपही ओढता येत नाही. म्हणून झिप आधी, मिटन्स नंतर, आणि त्यांचं तोंड कोटाच्या बाहीच्या आत. बाहेर राहिलं तर मनगटातून बर्फ थेट कोपरापर्यंत जातो. मिटन्स हरवतात, म्हणून त्यांना लोकरीची लांब दोरी बांधून ती एका बाहीतून पाठीमागून दुसऱ्या बाहीत ओवायची. उपाय पक्का आहे. फक्त दोस्तानं उजवं मिटन ओढलं की तुमचा डावा हात आपोआप वर उचलला जातो, आणि वर्गात बाई ते बघून प्रश्न विचारतात.

मोठ्या माणसाला हे सगळं पाच मिनिटांचं काम. एका मुलाला पंधरा. तीन मुलं असली तर तिसऱ्याची झिप लागेपर्यंत पहिलं घामानं निथळत असतं आणि त्याला पहिला नियम आठवतो.

बाहेर जाऊन करायचं काय, हाही प्रश्नच. स्नोमॅन हवा तेव्हा होत नाही. तापमान शून्य सेल्सियसच्या आसपास असेल तरच बर्फाला ओल असते आणि तो मोदकाच्या उकडीसारखा वळतो. उणे दहाच्या खाली तो कोरडं तांदळाचं पीठ होतो. मुठीत दाबा, मूठ उघडा, फू. आणि शिकागोत या जातीचा बर्फही पुष्कळदा पडतो. घसरगाडी म्हणाल तर गाव परातीसारखं सपाट. टेकडी हवी तर ती माणसानं करावी लागते. माँट्रोज हार्बरजवळची क्रिकेट हिल ही भर घालून केलेली टेकडी. शेजारच्या एव्हन्स्टनमध्ये कचऱ्याच्या भरावावर उभी राहिलेली टेकडी आहे, तिला लोक माउंट ट्रॅशमोअर म्हणतात. आमच्या बालपणीचा हिमालय तो हा.

शाळा बंद पडेल ही आशाही फोल. उपनगरातल्या पोरांना पहाटे रेडिओवर बंद शाळांची यादी ऐकू यायची. शिकागो शहराच्या सरकारी शाळा मात्र हट्टानं उघड्या. १९९९ नंतर त्या बर्फामुळे बंद राहिल्या त्या थेट २०११ च्या फेब्रुवारीत, २१ इंच पडल्यावर. मधल्या काळात तिथे शाळा आटोपलेल्या मुलांची मला मनापासून कीव येते.

आता मुख्य विषयाकडे वळतो, तो म्हणजे गाडी उकरणे.

शिकागोत बर्फाचा विषय निघाला की १९६७ येतंच. त्या वर्षी २४ जानेवारीला ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १८ सेल्सियस, असं आल्हाददायक हवामान होतं. २६ तारखेला पहाटे पाचला बर्फ सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर थांबला. २३ इंच. लोक गाड्या, बसेस जिथे अडकल्या तिथे सोडून चालत घरी गेले. १९७९ च्या जानेवारीतल्या वादळानं तर मेयर मायकेल बिलँडिक यांची खुर्ची गेली. रस्ते साफ होईनात म्हणून चिडलेल्या मतदारांनी फेब्रुवारीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, जेन बर्न यांना निवडून दिलं. बर्फामुळे राजकारण्याची खुर्ची जाते आणि सामान्य माणसाची रस्त्यावर येते. त्या दुसऱ्या खुर्चीकडे येतोच आहे.

बर्फ थांबेपर्यंत वाट बघू नये. दर तीन-चार इंचांनी एकदा फावडं फिरवलं तर कंबर शाबूत राहते. फावड्याच्या पात्याला स्वयंपाकाचं तेल चोळा, बर्फ चिकटत नाही. (शेंगदाण्याचं वापरू नका, महाग आहे.) उचलण्यापेक्षा ढकला. कारण साधा हिशोब: गाडीची जागा वीस बाय आठ फूट धरा, बर्फ एक फूट. झाले १६० घनफूट. मध्यम ओलीचा बर्फ घनफुटाला दहा पौंड भरतो, म्हणजे १६०० पौंड, सातशे किलोंच्या वर. बारदानात भरला तर चौदा पोती. आणि ती कुठे टाकायची? रस्त्यावर टाकायला बंदी. शेजाऱ्यानं साफ केलेल्या जागेत टाकलीत तर पुढचे तीन महिने त्याच्याशी बोलणं नाही. घरापुढचा फुटपाथही घरमालकानंच साफ करायचा: दिवसा पडलेला रात्री दहाच्या आत, रात्री पडलेला सकाळी दहाच्या आत, पाच फुटांची वाट मोकळी.

गाडी सुरू करण्याआधी मागचा धुराचा पाइप मोकळा करा. हे मी विनोदानं सांगत नाही. तो बर्फानं बुजलेला असताना इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो आणि आत बसलेल्याला कळतही नाही. काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. हे दरवर्षी कुणीतरी नव्यानं शिकतं. चाक जागीच फिरायला लागलं की पाय उचला. जितकं फिरवाल तितकं खालचं गुळगुळीत बर्फ होणार. चाकाखाली वाळू किंवा मांजराच्या शीच्या पेटीत घालायचे कोरे खडे पसरा आणि गाडी पुढे-मागे झुलवत काढा. आमच्या लहानपणीच्या लांबलचक गाड्यांची मागची चाकं ओढायची, म्हणून त्यांच्यावर वजन पडावं यासाठी डिकीत वाळूची पोती असायची. मीठ फेकून बर्फ वितळेल असं वाटत असेल तर थर्मामीटर बघा. साधं मीठ १५ फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे नऊ सेल्सियसच्या खाली जवळपास काहीच करत नाही. २० जानेवारी १९८५ ला शहरात उणे २७ फॅरनहाइट होतं. त्या दिवशी मीठ फक्त वरणात कामाचं.

हे सगळं दोन तास करून गाडी निघते, आणि तेवढ्यात पालिकेचा प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, येऊन रस्त्यावरचा बर्फ तुमच्या तोंडाशी गुडघाभर बांध घालून जातो. तो बांध पुन्हा उकरायचा. तोच खरा बर्फ. दाबलेला, मीठ-चिखल मिसळलेला, सिमेंटसारखा. मागच्या गल्लीत प्लाऊ येत नाही, कारण तिथे तो सगळा बर्फ लोकांच्या गॅरेजच्या दारांवर ढकलेल. त्यामुळे गॅरेजवालेही हसत नाहीत.

अशी रक्त आटवून केलेली जागा सोडून तुम्ही कामाला जाणार, आणि परत येईतो तिथे दुसऱ्याची गाडी? शिकागोनं यावर काढलेला तोडगा म्हणजे 'डिब्स'. निघताना मोकळ्या जागेत खुर्ची ठेवायची. एक नाही, दोन, आणि त्यांच्यावर आडवी फळी. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला लागू नये. एसटी स्टँडवर गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकतो, तेच हे. फरक इतकाच, की रुमाल टाकणाऱ्यानं बाकडं स्वतः उकरून काढलेलं नसतं.

नियम कुठेही लिहिलेले नाहीत आणि सगळ्यांना पाठ आहेत. दोन-चार इंचांवर खुर्ची ठेवली तर तो भुरटेपणा. जागा स्वतः उकरलेली हवी. वस्तू चोरीला गेली तरी चालेल अशी, पण बाहेरच्या गाडीवाल्याला उतरून हलवावी लागेल इतकी मोठी हवी: इस्त्रीचं टेबल, दुधाचे प्लास्टिकचे क्रेट, बंद पडलेला व्हॅक्यूम क्लीनर, कपड्यांची टोपली. टोपली वाऱ्यानं उडते, आत वीट ठेवा. कायद्यानं हे सगळं बेकायदा आहे. रस्ता कुणाच्या मालकीचा नाही. तरी मेयर रिचर्ड एम. डेली यांनीसुद्धा जाहीरपणे उकरणाऱ्याचीच बाजू घेतली होती. खुर्ची हलवून गाडी लावणाऱ्याला मारझोड होते असं नाही. रात्रीतून कुणीतरी त्याच्या गाडीवर नळीनं पाणी सोडतं, एवढंच. उणे पंधरात.

मोठ्या रस्त्यांवर खुर्चीही चालत नाही. १ डिसेंबर ते १ एप्रिल, पहाटे तीन ते सात, ठरलेल्या रस्त्यांवर गाडी उभी दिसली की उचलून नेतात. बर्फ पडलेला असो वा नसो. खुर्चीसकट.

संध्याकाळी ओले मिटन्स घरातल्या रेडिएटरवर, म्हणजे वाफेवर खोली तापवणाऱ्या यंत्रावर. त्या लोखंडी फणीवर वाळणाऱ्या ओल्या लोकरीचा वास म्हणजे आमचा मृद्गंध. बुटाच्या आतलं नमद्याचं अस्तर उपसून तेही तिथेच ठेवायचं, नाहीतर सकाळी गार चिंब. रेडिएटर रात्री ठाणठाण आवाज करतो, तेव्हा भूत नसतं. जमीन खचून त्याचा उतार पाइपाकडे राहिलेला नसतो, आत पाणी साचतं आणि वाफ त्यावर आदळते. हवा सोडणारी तोटी ज्या टोकाला असते, त्या टोकाच्या पायांखाली लाकडाची चपटी चीप सारा आणि झोपा. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवू नका. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद.

संक्रांत याच दिवसांत येते. रेशमी साडी, आतून थर्मल, पायात लोकरीचे मोजे, आणि चांगल्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत. यजमानीणबाईंच्या दारात बुटांचा ढीग: तीस जोड, सगळे काळे, सगळे ओले, सगळ्यांवर मिठाची पांढरी कड. तिळगूळ घेऊन गोड बोलून झालं की त्या ढिगातून आपले बूट शोधताना बऱ्याच जणींचं गोड बोलणं तिथेच संपतं.

मार्चअखेर रस्ता कोरडा ठणठणीत होतो, तरी एखादी खुर्ची अजून मधोमध उभीच असते, कशावर हक्क सांगतेय तिचं तिलाच ठाऊक. आणि वितळत्या ढिगाऱ्यांतून हरवलेले मिटन्स वर येतात. दोरीवाल्यांची दोरी तुटलेली असते. येणारे-जाणारे ते उचलून लोखंडी कुंपणाच्या टोकांवर खोचून ठेवतात, बोटं वर करून. दहा-बारा हात आभाळाकडे, सगळे डावे. उजवे आईनं गेल्याच आठवड्यात, "आता एकटं काय करायचंय," म्हणून टाकून दिलेले असतात.