टोमॅटोवर टू-फोर-डी मारायला सांगणारा मेसेज

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. आता माझ्या मामेभावानेही पाठवला, "उद्या दुपारी मारू का?" असं विचारत. मेसेजचा मजकूर असा: उन्हाने टोमॅटोची फूलगळ होत असेल तर 15 लिटरच्या पंपात 1 ग्रॅम जिब्रेलिक ॲसिड, ॲस्पिरिनच्या चार गोळ्या आणि चिमूटभर टू-फोर-डी टाका, भर दुपारी अख्खं झाड भिजवा. 45 अंशांतही शंभर टक्के सेटिंग (फळधारणा), पाणी कमी लागतं, संजीवक (झाडाच्या वाढीवर परिणाम करणारं रसायन) असल्याने अपाय शून्य.

अजिबात मारू नकोस. आधी टू-फोर-डीचं बोलतो, कारण बाकीच्या चुकांनी खर्च वाया जाईल, या एकीने प्लॉटच जाईल.

टू-फोर-डी हे रुंद पानांच्या तणांचं तणनाशक आहे, आणि टोमॅटोही रुंद पानाचाच. शेजारच्या फवारणीचे तुषार वाऱ्याने आले तरी त्याचा शेंडा पिळवटतो, नवी पानं चिंचोळी, नेच्यासारखी निघतात. चिमूटभर म्हणजे पाव ग्रॅम धरलं तरी 15 लिटरमध्ये जवळपास 17 पीपीएम (दहा लाख भागांत 17 भाग) होतात. फळधारणेसाठी टू-फोर-डीची जी मात्रा सांगितली गेली ती 2 ते 5 पीपीएमची. हा हिशोब चिमटीने कसा जमणार? आणि हे कोवळ्या शेंड्यासकट सगळ्या झाडावर मारायला सांगतात!

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. 4-सीपीएसारखी ऑक्झिन (वाढीचं संप्रेरक) गटातली संजीवकं परागीभवनाशिवाय फळ धरायला लावतात. पण ती फक्त उमललेल्या घोसावर, बेताच्या मात्रेत द्यायची असतात. मात्रा चढली की फळ टोकाला बोंडी आलेलं, हाताला हलकं लागतं. कापलं तर गराच्या जागी पोकळी आणि बिया नावापुरत्या.

"शंभर टक्के सेटिंग" ही तर शुद्ध थाप. सातो, पीट आणि थॉमस यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. दिवसा 32 आणि रात्री 26 अंशांत पाच वाणांपैकी एकानेच फळ धरलं. पण फुलं उमलण्याआधीचे 10 दिवस झाडं दिवसा 28, रात्री 22 अंशांत ठेवून मग परत उष्णतेत नेली, तर पाचही वाणांना फळं लागली. म्हणजे घात कळीतच होतो, पराग तयार होत असताना. उमललेल्या फुलातला मेलेला पराग कुठलीही फवारणी जिवंत करत नाही. ब्रासिनोस्टेरॉईड या वनस्पती-संप्रेरकाने उष्णतेत पराग बरा रुजल्याचे प्रयोग आहेत, पण ते या मेसेजमध्ये नाहीच.

जिब्रेलिकने खोड-फांद्या लांबतात, ताणातल्या झाडाला ते ओझंच. ॲस्पिरिनच्या गोळीतून मात्रा नीट साधत नाही. भर दुपारी थेंब पानावरच सुकतात, डाग पडतात. पाणी कमी करणं तर उलटाच उपाय: पान बाष्पोत्सर्जनानेच थंड राहतं, पाणी तोडलं की ते आणखी तापतं.

तेव्हा भावा, जी फुलं गळायची ती गळतील. लक्ष बारीक कळ्यांकडे दे: पातळ शेडनेट, आच्छादन, ठिबकने वाफसा टिकेल असं पाणी. आणि टू-फोर-डी मारलेला पंप कितीही धुतलास तरी टोमॅटोत आणू नकोस.